डोंगरावरची चहाघरं, लिमरिकचा हिवाळा

लिमरिकच्या ज्या कारखान्यात मी काम करते तिथे श्वासाच्या नळ्या आणि कॅथेटर तयार होतात. तिथली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तैवानची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अविवाहित, शहरात नदीजवळच्या एका फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. आम्ही दोघी एकाच विभागात होतो. डबा खायला एकत्र बसायचो, आणि इंग्रजी दोघींचंही परकं असल्यामुळे एकमेकींशी बोलताना चुकायची लाज वाटायची नाही. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. मागे राहिले होते फक्त वडील, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या एका डोंगरावरच्या गावात.

दोन हजार वीसच्या जानेवारीत कंपनीने आम्हाला दोघींना तैवानला पाठवलं. एक नवं मशीन तिथे तयार होत होतं. ते इकडे पाठवण्याआधी तपासायचं होतं. चांद्र नववर्ष तोंडावर आलं होतं. मधल्या सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "चल, बाबांना भेटून येऊ. तुला बाजारही बघायला मिळेल."

बस वळणावळणाने वर चढत होती. पाऊस नव्हता, पण काचेवर सतत पाणी साचत होतं. तिकडच्या हिवाळ्यात डोंगर असेच ओले असतात, असं ती म्हणाली. एका वळणावर समोरच्या उतारावर मला छोट्या छोट्या घरांची वस्ती दिसली. रंगीत छपरं, पुढे ओटा, एकाला लागून एक. माणसं मात्र कुठेच नव्हती.

"किती सुंदर घरं आहेत. एवढी लहान का?" मी विचारलं.

"घरं नाहीत ती. थडगी आहेत," ती म्हणाली. "माझी आई तिथेच आहे. वरून तिसऱ्या ओळीत."

तिने हे अगदी सहज सांगितलं, आपण 'आमचं घर त्या बोळात' म्हणतो तसं. मला मात्र पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघवेना.

हे गाव एकेकाळी सोन्याच्या खाणीचं होतं. सोनं संपलं, खाणी बंद झाल्या, आणि पुढे कधीतरी तिथे चहा प्यायला माणसं येऊ लागली. आता बाजाराची एक अरुंद गल्ली आहे, दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागेल एवढीच. तिला छेदून दगडी पायऱ्यांची एक वाट खालपासून वरपर्यंत जाते, आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल कागदी कंदील. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कंदील एकदम लागत नाहीत. खालच्या टोकापासून सुरू होतात आणि उजेड हळूहळू वर सरकत येतो. पण त्या संध्याकाळी खालून धुकंही चढत होतं. त्यामुळे वरचे कंदील लागत होते आणि खालचे पुसले जात होते.

बाजारात खायची रेलचेल होती. आंबवलेल्या टोफूचा वास नाकात शिरला तेव्हा मी पदर नसतानाही पदर शोधला. एका दुकानात अळकुड्यांच्या पिठाच्या मऊ गोळ्या आल्याच्या गरम पाकात घालून देत होते. त्या मी दोन वाट्या खाल्ल्या. पुढे एक बाई शेंगदाण्याच्या चिक्कीची भलीमोठी लादी घेऊन बसली होती आणि सुताराच्या रंध्याने तिचा भुगा पाडत होती. तो पातळ पोळीवर पसरायचा, त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि वर चक्क कोथिंबीर. माझ्या मैत्रिणीने ती गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी खा, मग तोंड वाकडं कर." मी खाल्ली. तोंड वाकडं करायची वेळ आली नाही.

गल्ली भरलेली होती, तरी काहीतरी चुकत होतं. काय, ते कळायला मला वेळ लागला. माणसं होती, पण आवाज नव्हता. दुकानदार ओरडत नव्हते. निम्म्या लोकांच्या तोंडावर मास्क होते. तिकडे सर्दी झाली की मास्क लावतात हे मला माहीत होतं, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. मग एका औषधाच्या दुकानापाशी रांग दिसली. रांगेतलं कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. माझी मैत्रीण क्षणभर थांबली, रांगेकडे बघितलं आणि माझा हात धरून तीही रांगेत उभी राहिली.

"काय घ्यायचंय?"

"मास्क."

"कुणाला बरं नाहीये?"

"अजून कुणाला नाही," ती म्हणाली.

तिच्या कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट तिने मला त्या रांगेत सांगितली. सार्सची साथ आली तेव्हा ती राजधानीत शिकत होती. एक अख्खं हॉस्पिटल माणसांसकट बंद केलं होतं. तिच्या वर्गातल्या एका मुलीची बहीण आत नर्स होती, आणि ती मुलगी रोज रस्त्याच्या पलीकडे उभी राहून खिडक्या मोजायची. "कालपासून बातम्यांत तशीच भाषा ऐकू येतेय," ती म्हणाली. "तेच शब्द. तीच माणसं शांत आवाजात बोलतायत. शांत आवाज आला की मला भीती वाटते."

तिचे वडील वरच्या बाजूच्या एका चहाघरात काम करायचे. लाकडी जिना, लाकडी जमीन, मधोमध निखाऱ्यांची लांबलचक चूल आणि तिच्यावर ओळीने मांडलेल्या लोखंडी किटल्या. त्यांचा बारीक, न थांबणारा सूं आवाज. म्हातारबाबा त्या चुलीचे मालक असल्यासारखे वावरत होते. बुटके, रुंद खांद्यांचे, हाताची बोटं आखूड आणि जाड. तरुणपणी खाणीत होते. खाण बंद पडल्यावर इथे आले ते निखारे फुलवायला. फुफ्फुसात दगडाची धूळ बसलेली. चार वाक्यं बोलले की थांबायचे, भिंतीला हात टेकायचे, खोकायचे, आणि मग आधीच्याच वाक्यापासून पुढे बोलायचे.

त्यांनी आम्हाला खिडकीपाशी बसवलं. चहा करायची त्यांची एक पद्धत होती. पहिलं पाणी पानांवर ओतायचं आणि लगेच फेकून द्यायचं. "हा पहिला कुणासाठी नाही," त्यांनी सांगितलं. मैत्रीण मला इंग्रजीत समजावत होती. दुसरा कप हातात दिला तो अंगठ्याएवढा. आधी वास, मग घोट. खिडकीतून खाली समुद्र आहे, असं ते म्हणाले. मला फक्त पांढरं दिसत होतं.

शेजारच्या टेबलावरचे लोक उठून गेले. चहाघराची मालकीण आली, त्यांचे कप उचलले, उकळत्या पाण्यात बुडवले, बाहेर काढले, बघितले आणि पुन्हा बुडवले. मग तिने भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू होतं. हॉस्पिटलची दारं, पांढऱ्या पोशाखातली माणसं. कुणी तिकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते.

मैत्रिणीने पिशवीतून मास्कचं खोकं काढून वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी ते परत तिच्याकडे सरकवलं. तिने पुन्हा त्यांच्याकडे. त्यांच्यात त्यांच्या भाषेत थोडी बोलाचाली झाली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, माझा श्वास आधीच निम्मा आहे, त्यावर कापड कशाला? आणि म्हणतायत, खाणीत असताना आम्ही आवाजाला कधी भ्यायलो नाही. पाणी ठिबकायचं थांबलं की भ्यायचो. पाणी थांबलं म्हणजे वर कुठेतरी दगड सरकलेला असायचा." तिने कप खाली ठेवला. "आणि म्हणतायत, गल्लीत आज तसंच वाटतंय."

म्हातारबाबा हसले आणि त्यांनी माझा कप भरला. खोक्यातले निम्मे मास्क त्यांनी ठेवून घेतले. निघताना ते पायऱ्यांपर्यंत आले. आम्ही खाली उतरू लागलो. दहा-बारा पायऱ्यांनंतर मी मागे वळून बघितलं तर धुक्यात कंदिलाचा एक तांबूस डाग होता आणि खोकल्याचा आवाज. माणूस दिसत नव्हता.

लिमरिकला परतलो तेव्हा इकडे सगळं ग्रँड होतं, म्हणजे ठीकठाक. इथे कुणालाही काहीही विचारलं तरी ग्रँडच उत्तर येतं. माझी मैत्रीण घरातून निघताना मास्क लावायची, तो थेट कारखान्यात क्लीनरूममध्ये, धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीत, शिरताना बदलायची. गंमत अशी की क्लीनरूममध्ये आम्ही सगळेच डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले असायचो, आणि तीच माणसं कँटीनमध्ये तिच्या मास्ककडे बघून खुर्ची जराशी पलीकडे घ्यायची. ती आजारी असेल असं त्यांना वाटायचं. तिला ते आजारी पडतील असं वाटायचं.

फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही दोघी भाजी आणायला गेलो होतो. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका माणसाने वळून तिच्याकडे बघितलं, ट्रॉली तिथेच सोडली आणि दुसऱ्या रांगेत गेला. जाताना म्हणाला, "तुमच्यामुळे येणार हे." मोठ्याने नाही, हवामानाबद्दल बोलावं तसं. काउंटरवरची मुलगी लाल झाली आणि तिने दोनदा माफी मागितली. मैत्रिणीने पिशव्या भरल्या. माझ्या गाडीत बसल्यावर तिने सीटबेल्ट लावला आणि मी किल्ली फिरवणार तेवढ्यात माझा हात धरला.

"त्याला राग नव्हता आला," ती म्हणाली. "तो घाबरलाय. म्हणजे आता इथेही पोचलंय."

मार्चमध्ये शाळा, पब, चर्च सगळं बंद झालं. आमच्याकडे तेव्हा माझ्या सासूबाई आल्या होत्या. सांगलीजवळच्या गावच्या. नाताळाच्या सुमाराला आल्या त्या मार्चमध्ये परत जाणार होत्या. विमानं बंद झाली आणि त्या अडकल्या. माझा नवरा कॉम्प्युटरचं काम घरून करू लागला. माझा कारखाना मात्र बंद होणार नव्हता. श्वासाच्या नळ्यांची मागणी एवढी वाढली की शिफ्ट वाढल्या. तैवानहून आलेलं ते नवं मशीन पूर्ण कळलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी मैत्रीण. ती कामावर यायची, घरी जायची, आणि मधल्या रस्त्यावर तिला कुणी भेटायचं नाही. लिमरिकच्या मुख्य रस्त्यावर भर दुपारी सीगल पक्षी चालत होते.

तिच्या वडिलांच्या गावात मात्र बाजार चालू होता. जगात इतरत्र काय चाललंय ते बघता हे खरं वाटायचं नाही. ते तिला व्हिडिओ पाठवायचे. तीच गल्ली, तीच वाफ, मास्क लावलेली माणसं, आणि मधेच त्यांचा स्वतःचा जाड अंगठा. ती ते व्हिडिओ कँटीनमध्ये, मधे एक टेबल सोडून बसलेल्या मला दाखवायला फोन उंच धरायची.

"तिकडे सगळं सुरू आहे," मी एकदा म्हटलं. "त्यांची काळजी नको करूस."

"बाजार बघू नकोस," ती म्हणाली. "आवाज ऐक."

मी ऐकलं. चित्र हलत होतं, आणि चित्राच्या मागे श्वास. शिट्टीसारखा. आत घेताना एक, सोडताना एक.

शरद ऋतू सरता सरता ते हॉस्पिटलात गेले. खाली बंदराच्या गावात. साथीचा आजार नव्हे. जुनंच दुखणं, त्यावर संसर्ग. बरे होऊन परत आले. डिसेंबरमध्ये पुन्हा गेले. या खेपेला फोनवर ते स्वतः बोलेनासे झाले. चहाघराची मालकीण बोलायची. ती शांत आवाजात बोलायची, हे माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं.

तोवर एकट्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका घराशी जोडून घ्यायची परवानगी मिळाली होती. ती आमच्या घराशी जोडली गेली. रविवारी यायची. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी. तरी दोघी स्वयंपाकघरात एकमेकींशी बोलत राहायच्या. सासूबाई तिला आलं-मिरीचा काढा द्यायच्या. ती प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, कप काढायची, धुतलेलेच कप पुन्हा एकदा उकळत्या पाण्यातून काढायची आणि मग सासूबाईंपुढे धरायची.

"लई साफसूफ हाय पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "पर हसत न्हाई. काय झालंय तिला?"

मी सांगितलं. वडील तिकडे हॉस्पिटलात आहेत, जायचं तर आधी तपासणी, मग तिथे पोचल्यावर हॉटेलात कोंडून राहायचं, तोवर भेटता येणार नाही. इकडे काम. आणि वडील स्वतःच निरोप पाठवतायत की येऊ नकोस, विमानात तुला काही झालं तर?

सासूबाईंनी काढ्याचं पातेलं खाली ठेवलं. "तिला म्हनावं, ये म्हनला तर समजायचं अजून वेळ हाय. येऊ नको म्हनला की निघायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मैत्रिणीने मान खाली घालून ऐकलं. मग सासूबाईंकडे बघून तिने विचारलं, "यांना कसं माहीत?"

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझा बा बी असंच म्हनला हुता. मी ऐकलं त्याचं."

त्यांनी पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. मलाही हे ठाऊक नव्हतं. दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यालाही नव्हतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

तिने तिकीट काढलं ते जानेवारीचं. आयर्लंडमधला तो सगळ्यात वाईट महिना. नाताळात लोक भेटले होते आणि आता रोज संध्याकाळी बातम्यांतला आकडा आदल्या दिवसापेक्षा मोठा असायचा. तिच्याच शिफ्टमधला एक जण पॉझिटिव्ह आला. दोघं एका मशीनपाशी काम करायचे. तिने तपासणी करून घेतली. निकाल येईपर्यंत विमानाची वेळ होणार होती. बस पकडून डब्लिनला जाणं तिला सुरक्षित वाटेना, म्हणून मी तिला गाडीने सोडायचं ठरवलं. निकाल वाटेत येईल, असा हिशेब. पॉझिटिव्ह आला तर तिथूनच परत फिरायचं, आणि मग आम्ही सगळ्यांनीच घरात बसायचं.

सकाळी निघालो. खिडक्या अर्ध्या उघड्या, दोघींच्या तोंडावर मास्क, ती मागच्या सीटवर. हीटर पूर्ण चालू होता तरी माझी बोटं स्टिअरिंगवर बधिर झाली होती. मोटरवे रिकामा. एखादा ट्रक यायचा आणि जायचा. दोन्ही बाजूंच्या शेतांवर दव गोठलेलं होतं आणि मेंढ्या एकाही दिशेला न बघता उभ्या होत्या. ती दर थोड्या वेळाने फोन उघडायची आणि मिटायची. मी आरशात बघायचं टाळत होते.

पोर्टलीशच्या जवळ रस्त्यावर रहदारी अडवायचे केशरी शंकू लावले होते. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, एकेक गाडी थांबवत होते. एक तरुण गार्डा काचेपाशी वाकला. विनाकारण पाच किलोमीटरच्या बाहेर जायला तेव्हा बंदी होती.

"कुठे निघालात?"

"डब्लिन विमानतळ. हिला तैवानला जायचंय. हिचे वडील..." मी म्हटलं आणि मला पुढचा शब्द सापडेना. 'सीरियस' म्हणावं की आणखी काही, एवढाच विचार करत होते.

त्या मुलाने टोपी जरा मागे सारली, मागच्या सीटकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

आयर्लंडमध्ये राहिलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ माहीत असतो. घरात माणूस गेलं की दारात येऊन, हात हातात घेऊन लोक हेच म्हणतात. दुसऱ्या कुठल्या वेळी म्हणत नाहीत.

मागून ती म्हणाली, "ते अजून गेले नाहीत."

गार्डाचा चेहरा उतरला. तो काहीतरी पुटपुटला, हात हलवून आम्हाला पुढे जाऊ दिलं. शंकू मागे पडले. मग ती म्हणाली, "चांगला मुलगा होता." आणि थोड्या वेळाने, "पण त्याने ते बोलायला नको होतं."

पुढच्या विश्रांतीच्या जागी मी गाडी थांबवली. तिथलं हॉटेल बंद होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, स्वच्छतागृह आणि कॉफीचं यंत्र तेवढं चालू. मी दोन कॉफ्या आणल्या. गाडीत मास्क काढायची तिची तयारी नव्हती, म्हणून बाहेर थंडीत, एकमेकींपासून दूर उभ्या राहून प्यायलो. तेवढ्यात फोन वाजला. तिने मेल उघडला, वाचला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्याकडे धरला. मधे एवढं अंतर होतं की मला एक अक्षर दिसत नव्हतं.

"काय आहे?"

"निगेटिव्ह," ती म्हणाली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "आता न जायला काही कारणच उरलं नाही."

विमानतळाच्या दारात मी तिला मिठी मारली नाही. तिने दोन्ही हात जोडले, सासूबाईंनी शिकवले तसे. आत तिच्यापुढे लांबच लांब रिकामी जमीन होती. तिच्या बॅगेच्या चाकांचा आवाज काचेच्या दारापर्यंत येत होता. परतताना त्याच शंकूंपाशी दुसरा गार्डा होता. त्याने काही विचारलं नाही.

पुढचं मला फोनवरून कळलं. ॲमस्टरडॅममार्गे ती पोचली आणि हॉटेलच्या एका खोलीत तिला ठेवलं. दाराबाहेर स्टुलावर जेवण यायचं. ती खोली समुद्राच्या बाजूला नव्हती, डोंगराच्याही नव्हती. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. चहाघराची मालकीण दिवसातून एकदा फोन करायची. एका दिवशी तिने दोनदा केला. मैत्रिणीने अर्ज केला. मरणाच्या दारातल्या माणसाला भेटायला थोडा वेळ सोडत असत, तसं तिला सोडलं. आणखी एक तपासणी झाली, मग पांढरा पोशाख, दोन मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे. दोन माणसं बरोबर, एक पुढे, एक मागे.

"मी खोलीत शिरले," ती म्हणाली, "आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. टीव्हीवर ते वर्षभर असलीच माणसं बघत होते. त्यांना वाटलं, त्यांना न्यायला कुणी आलंय. पलंगाची दांडी धरून ते मागे सरकायला लागले."

"तू बोलली नाहीस?"

"बोलले. बाबा म्हटलं. पण मास्कमधून आवाजही माझा येत नव्हता. नर्सने त्यांच्या कानात सांगितलं, तुमची मुलगी आलीये. ते नर्सला म्हणाले, माझी मुलगी आयर्लंडला आहे. तिला येऊ नको म्हणून सांगितलंय मी."

फोनच्या या टोकाला मी स्वयंपाकघरात उभी होते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मग?"

"मग वेळ संपला."

त्या रात्री तिला आणि आम्हालाही वाटलं की हे एवढंच. पण म्हातारबाबा टिकले. ती कोंडवाड्यातून सुटली, तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावलेला होता आणि ते उशीला टेकून बसले होते. तिने मास्क क्षणभर खाली केला. त्यांनी बघितलं आणि ते रागावले. येऊ नको म्हटलं होतं ना, म्हणाले. ती म्हणाली, इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. नंतर ती त्यांना डोंगरावर घेऊन गेली. चहाघराच्या मागच्या खोलीत त्यांचं अंथरूण, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. फोनवर मला त्या यंत्राची घरघर ऐकू यायची. ती म्हणायची, ही घरघर आता चालू असली की मला झोप लागते.

मार्चच्या शेवटी, दुपारी, ते गेले. ती शेजारी होती. बाहेर गल्लीत गर्दी होती आणि मालकिणीने चहाघर बंद केलं नाही, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. समोरच्या उतारावर, तिसऱ्या ओळीत त्यांना ठेवलं.

मला वाटलं होतं ती आता परत येईल, पण ती तिथेच थांबली. एप्रिलमध्ये माझ्या माहेरची, पुण्याची बातमी रोज काळी होत गेली. माझे आईवडील दार लावून घरात बसले होते आणि भारतातून अवेळी फोन आला की माझा नवरा आधी माझ्याकडे बघायचा, मग फोनकडे. त्या दिवसांत ती मला रोज मेसेज करायची. एकच शब्द, "ठीक?" मी लिहायचे, "ठीक." माझे आईवडील त्यातून वाचले. त्यांच्या इमारतीतले तीन जण नाही वाचले.

मे महिन्यात साथ शेवटी तिच्याही गावापर्यंत पोचली. इतकं वर्षभर रोखून धरलेली. इथे लिमरिकमध्ये दुकानं उघडत होती, लोकांना लस मिळू लागली होती, आणि तिकडे चहाघरं बंद करायचा हुकूम निघाला. तिने फोन केला तेव्हा ती मागच्या खोलीत नव्हती. पायऱ्यांवर उभी होती. तिने कॅमेरा फिरवला. दोन्ही बाजूंना फळ्या लावलेल्या. कंदील टांगलेले होते, पण विझलेले, पावसाने रंग उतरलेले. एक मांजर पायरीवर बसून खाली बघत होतं.

"मालकीण तिच्या मुलाकडे गेली," ती म्हणाली. "इथे वर मी आणि आणखी दोन म्हाताऱ्या आहोत."

"मग ये इकडे. इथे आता बरं आहे."

"त्यांना औषधं कोण आणून देईल?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मी परत येणार नाही. कंपनीला कळवलंय. माझा फ्लॅट रिकामा करशील का?"

जूनमधल्या एका रविवारी मी आणि माझा नवरा तिच्या फ्लॅटवर गेलो. आत बंद घराचा वास होता. खिडकीतल्या कुंड्यांपैकी दोन आश्चर्यकारकपणे जिवंत होत्या. छतातून कुठूनतरी ओल झिरपत असावी. भांडी, चादरी, हिवाळी कोट, पुस्तकं अशी आम्ही खोकी भरत होतो. काय द्यायचं आणि काय पाठवायचं ते ती फोनवर सांगत होती. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या आयरिश बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काठी हातात, अंगात घरातला गाऊन. खोक्यांकडे बघत राहिल्या.

"गेली का ती?" त्यांनी विचारलं.

मला आधी वाटलं, घर सोडून गेली का, असं विचारतायत. मग त्यांचा चेहरा बघितला.

"नाही, नाही. ती बरी आहे. तैवानला आहे. तिचे वडील वारले."

त्यांनी चौकटीला हात टेकला. "जानेवारीत तिचा दिवा लागेनासा झाला," त्या म्हणाल्या. "आधी रोज लागायचा. मी म्हटलं, उद्या कुणाला तरी विचारते. मग नाहीच विचारलं. पाच महिने झाले. या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांबद्दल विचारलं होतं मी, तर ते खरंच गेले होते. त्यानंतर विचारायची हिंमत झाली नाही."

माझ्या नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. मी फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे मैत्रीण बोलतच होती, कोट कुणाला द्यायचे ते सांगत होती. बाईंनी फोन कानाला लावला, तिचा आवाज ऐकला, मला परत दिला आणि त्या दोन कुंड्या मागून घेतल्या.